डावीकडचा जोडभोवरा

मेलेल्या गाईपाशी मालक डोक्याला हात लावून बसलेला असायचा आणि मी वाकून गाईच्या कानातला बिल्ला तपासत असायचो. विम्याच्या कागदावर जी गाय लिहिली आहे तीच ही, की दुसऱ्याच कुणाची मेलेली गाय आणून इथं टाकली आहे, हे ठरवणं माझं काम. घरातली बाई रडत असली की मलाही वाईट वाटायचं. पण आधी शिंगं, शेपटीचा गोंडा, अंगावरचे केसांचे भोवरे कागदाशी पडताळून घ्यायचे आणि मग वाईट वाटून घ्यायचं, असा माझा क्रम होता. पशुधन पर्यवेक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली, त्यातली अर्ध्याहून जास्त अवसरी खुर्द आणि आसपासच्या गावांत. लोक मला डॉक्टर म्हणत आणि मी कधी त्यांना दुरुस्त केलं नाही. शिंगं साळून तरणा केलेला म्हातारा बैल मी पाहिलाय. केसांना लावायच्या काळ्या रंगानं पाठीवरचा पांढरा डाग बुजवलेली म्हैस पाहिलीय. त्यामुळे कुणी काही सांगायला लागलं की माझ्या तोंडात आधी 'कशावरून?' येतं. सितारा, माझी बायको, म्हणते की आमच्या निकाहात 'कबूल' म्हणायच्या आधीसुद्धा मी तिच्या भावाकडे बघून खात्री करून घेतली होती. हे साफ खोटं आहे, पण तिच्या माहेरी सगळ्यांना खरं वाटतं.

एवढं स्वतःबद्दल सांगितलं, कारण गोष्ट गेणूची आहे आणि गेणूशी मी काय वागलो ते माझा स्वभाव माहीत असल्याशिवाय कळायचं नाही.

गेणू ग्रामपंचायतीत पाणी सोडायचा. सकाळी एका आळीचा वॉल उघडायचा, दुपारी दुसऱ्या. मधल्या वेळात चित्रं काढायचा, आणि तीही फक्त बैलांची. आमची पहिली गाठ पडली ती लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात. मी वहीत एका बैलाचं वर्णन लिहीत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, एक भवरा ऱ्हायला."

"कुठला भोवरा?"

"पोटाखाली हाय. तुमी वाकलाच न्हाईत."

मी वाकलो. भोवरा होता. मला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर हा माणूस दलाल आहे. दलालाशिवाय परक्याचं जनावर इतकं बारकाईनं कोण बघतं? मी तिघांना विचारलं. तिघांनीही सांगितलं, तो चित्रं काढतो. तरी पटेना, म्हणून संध्याकाळी सरळ त्याच्या घरी गेलो.

जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, लग्नपत्रिकांच्या पाठीवर, निवडणुकीच्या पोस्टरांच्या पाठीवर त्यानं बैल काढून ठेवले होते. कोळसा, गेरू आणि शाळेतल्या पोरांच्या रंगपेट्यांतले उरलेसुरले रंग. त्यातले चार बैल मी चटकन ओळखले. एकाला तर आदल्याच महिन्यात मी सुई टोचली होती आणि त्यानं मला लाथ मारली होती. चित्रातही तो तसाच खुनशी दिसत होता. कागदावरचं जनावर आणि गोठ्यातलं जनावर एकच आहे याबद्दल मला बिलकूल शंका आली नाही, असं नोकरीत क्वचितच घडलं होतं. त्या दिवसापासून आमची दोस्ती जमली.

माझं आडनाव कागदी. जुन्नरात आमचे वाडवडील हातानं कागद बनवायचे असं घरात सांगतात. आता कागद आडनावापुरता उरलाय, आणि चुलतभाऊ तौहीदचं वह्या-पेनांचं दुकान आहे तेवढंच. महिन्याकाठी जुन्नरला गेलो की तौहीदकडून चांगले जाड कागद घ्यायचो आणि गुंडाळी मांडीवर धरून एसटीनं परत यायचो. गर्दीत कुणी त्यावर टेकलं तर मी भांडायचो. पंचवीस वर्षं गेणूला कागद मी पुरवला. कुणी चित्राचं कौतुक केलं की तो म्हणायचा, "वजीरभाऊचा कागद हाय." मला ते ऐकायला फार आवडायचं.

त्याची काढण्याची रीत ठरलेली होती. आधी बैलाच्या अंगावरून हात फिरवायचा, बोटांनी भोवरे शोधायचा आणि कागदावर सगळ्यात आधी त्या भोवऱ्यांचे ठिपके मांडायचा. मग त्या ठिपक्यांभोवती बैल उभा राहायचा. बैलाचं तोंड कायम उजवीकडे आणि उजवी बाजू आपल्यासमोर. चित्र होत आलं की तो दारात जायचा, कागद उजेडापुढे धरायचा आणि मागून बघायचा. "पाठीकडनं बघितलं की आपलाच बैल परका दिसतो," तो म्हणायचा. "परक्याच्या चुका लगीच दिसत्यात." मग कागद खाली ठेवून मानेची नाहीतर वशिंडाची एखादी रेघ सुधारायचा आणि चित्र बैलाच्या मालकाला देऊन टाकायचा. बदल्यात चहाशिवाय काही घेत नसे. शर्यतीचा चांगला बैल आहे असं कळलं की लांब आणे गावच्या पठारापर्यंत एसटीनं जायचा. आमच्या भागात कितीतरी घरांत देवांच्या तसबिरीशेजारी गेणूचा बैल लावलेला दिसेल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत त्याच्या सुनेनं, समृद्धीनं, टॅब आणला. समृद्धी पुण्यात नोकरी करते, शनिवार-रविवार गावी येते. टॅबबरोबर एक पांढरं पेन होतं. त्या पेनानं काचेवर ओढलं की रेघ उमटायची, आणि पेनाची शाई कधी संपायची नाही.

"आप्पांना आता रंग शोधत फिरायला नको," समृद्धी म्हणाली. "कागदसुद्धा लागणार नाही."

ती चांगल्या मनानं बोलली. मला मात्र ते लागलं. आता वाटतं, पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं. त्या टॅबकडे मी पहिल्या दिवसापासून सवतीकडे बघावं तसा बघत होतो.

गेणूचं मात्र पक्कं होत नव्हतं. सकाळी कागदावर काढायचा, दुपारी टॅबवर. मला विचारायचा, "वजीरभाऊ, तुला काय वाटतं? कागद का ह्ये?"

"कागदावर तू काढतोस एवढं मला माहीत आहे," मी म्हणालो. "यात कोण काढतं ते मला सांगता येणार नाही."

तो हसला. "आरं, दोन बोटांनी ताणलं की भवऱ्यातला केस न् केस काढता येतोय. आन् चुकलं की मागं जाता येतं. कागदावर कुठं मागं जाता येतं?"

"म्हणजे फसवणूकच की."

"कुणाची?"

मी विषय बदलला.

संक्रांतीनंतर मला एकेक गोष्ट खटकू लागली. मी कागदाची गुंडाळी नेली की तो म्हणायचा, "मागचाच हाय अजून." कोपऱ्यात बघितलं तर मागच्या चार गुंडाळ्या तशाच, दोरासुद्धा सोडलेला नाही. मी दारात पाऊल टाकलं की तो टॅब पालथा घालायचा आणि दोन्ही हात काखेत धरून बसायचा. चहा यायचा, पण तो पुढ्यातला कप उचलायचा नाही. "आत्ताच झाला," म्हणायचा. पंचवीस वर्षं माझ्याबरोबर चहा पिणारा माणूस माझ्यादेखत चहा घेईना. आणि टॅबवरची त्याची चित्रं तर कधी नव्हे इतकी सफाईदार. कागदावर त्याची रेघ थोडी खरबरीत असायची. इथं शेपटीपासून मानेपर्यंत एका ओढीत आल्यासारखी गुळगुळीत. हल्ली मोबाइलला नुसतं तोंडानं सांगितलं तरी तो चित्र काढून देतो असं मी ऐकलं होतं. माणूस काहीतरी लपवतोय हे मला जनावरांच्या बाजारात शंभर पावलांवरून कळायचं, आणि गेणू लपवत होता. मी न सांगता, वेळी-अवेळी त्याच्याकडे जायला लागलो. मैत्रीत हे शोभत नाही हे मला तेव्हाही कळत होतं.

चैत्रात आमच्या गावची यात्रा असते आणि यात्रेत बैलगाड्यांची शर्यत. भिमाजीचा पाखऱ्या त्या वर्षी जोरात होता. भिमाजी सत्तरीचा, बोलायला फटकळ, पण पाखऱ्याशी बोलताना आवाज मऊ व्हायचा. पाखऱ्याच्या उजव्या खांद्याखाली दोन भोवरे अगदी शेजारीशेजारी होते. असा जोडभोवरा उजवीकडे असला तर बैल घराला लाभतो आणि डावीकडे असला तर मालकाला खातो, असं भिमाजीला त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं. भिमाजी ते सगळ्या जगाला सांगायचा. यंदा घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीपाशी, पाखऱ्याचा फ्लेक्स लावायचा आणि त्यावर फोटो नको, गेणूचं चित्र पाहिजे, असं त्यानं ठरवलं. गेणूचं चित्र इतकं मोठं कधीच झालं नव्हतं. तो आठ दिवस भिमाजीच्या गोठ्यात जात होता आणि काढायला घरी येत होता. मी लांबून लक्ष ठेवून होतो, म्हणून मला माहीत. चित्र झालं, समृद्धीनं ते पुण्याहूनच मोबाइलवरून छापायला पाठवलं आणि यात्रेच्या सकाळी सूरजनं, भिमाजीच्या मुलानं, फ्लेक्स आणून बांधला.

भिमाजी फेटा बांधून आला, फ्लेक्ससमोर उभा राहिला, आणि त्याचा चेहराच उतरला.

"ह्यो माझा बैल न्हाई," तो म्हणाला.

माणसं जमली. फ्लेक्सवरचा बैल डावीकडे तोंड करून उभा होता आणि त्याच्या डाव्या खांद्याखाली जोडभोवरा होता. केस न् केस काढलेला, लांबूनही दिसेल असा.

"बैल बदललास का काय, भिमाजी?" दुसऱ्या एका गाड्याचा मालक म्हणाला. शर्यतीच्या घाटात असं बोलणं म्हणजे आगीत हात घालणं. भिमाजीचा आवाज चढला. "गेणू! आरं, यात्रेच्या दिवशी माझ्या डोक्यावर डावा भवरा टांगलास? काय केलंस ह्ये?"

गेणू पुढे गेला. फ्लेक्सवरच्या भोवऱ्यावर त्यानं तळहात ठेवला आणि तसाच उभा राहिला. त्यालाही काही कळत नव्हतं. मग त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. अडचणीत माणूस दोस्ताकडेच बघतो.

आणि मी खिशातून मोबाइल काढला.

आठ दिवसांपूर्वी सूरजनं गावच्या ग्रुपवर पाखऱ्याबरोबरची सेल्फी टाकली होती. त्याच्या जर्सीवरची अक्षरं उलटी आलेली मी तेव्हाच बघून ठेवली होती. माझं लक्ष असल्या गोष्टींकडेच जातं. सेल्फीत काही मोबाइल उजव्याचं डावं करतात. त्या फोटोतही पाखऱ्या डावीकडे तोंड करून उभा होता आणि जोडभोवरा डावीकडे होता.

"बैल बदललेला नाही," मी मोठ्यानं म्हणालो. पंचनाम्याच्या वेळी लागायचा तसा माझा आवाज लागला. "गेणू गोठ्यात नुसता जाऊन आला, बैल बघून चित्र काढलेलंच नाही. ही सेल्फी बघा. अक्षरं उलटी आहेत, म्हणजे बैलही उलटा आहे. गेणूचे बैल आजवर कायम उजवीकडे बघत आले, हा एकटाच डावीकडे का बघतोय? कारण यानं हा फोटो मशीनमध्ये घातला आणि चित्र मशीननं काढलं."

मोबाइल या हातातून त्या हातात फिरला. सगळ्यांना पटलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, हे मी लपवत नाही. संक्रांतीपासून जे मनात घोळत होतं ते खरं निघालं होतं.

"वजीरभाऊ," गेणू म्हणाला, "म्या काढलाय."

"कशावरून?" मी विचारलं.

तो स्वतःच फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागला. गाठी त्याला सुटेनात, हात इतके कापत होते. चोरी पकडली गेली की हात कापणारच, असं मी मनात म्हटलं. शेवटी सूरजनं कोयत्यानं दोऱ्या तोडल्या आणि गेणू फ्लेक्स काखेत मारून घाटातून निघून गेला.

पाखऱ्या त्या दिवशी पळाला नाही. उलट्या भोवऱ्याचा अपशकुन झाला म्हणून भिमाजीनं त्याला जुंपलाच नाही. गावात गेणूचं नाव 'सेल्फी गेणू' पडलं. बैल बघायला ये असं त्याला कुणी म्हणेना. दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. रस्त्यात समोरासमोर आलो तर तो वॉलच्या चावीकडे बघत पुढे जायचा. घरी सितारा मला रोज विचारायची, "काय मिळवलं?" मी म्हणायचो, खरं ते खरंच. ती जेवण नुसतं समोर ठेवून निघून जायची.

ज्येष्ठातल्या एका शनिवारी दुपारी समृद्धी घरी आली. सितारानं दिलेलं पाणी तिनं घेतलं नाही. टॅब माझ्या मांडीवर ठेवला.

"वजीरकाका, राहवलं नाही म्हणून आले. हे बघा. बघून झालं की विसरून जा."

त्या टॅबमध्ये चित्र काढताना प्रत्येक रेघेची आपोआप नोंद होते, असं तिनं सांगितलं. पुसलेल्या रेघांचीसुद्धा. तिनं एका जागी बोट लावलं आणि कोऱ्या काचेवर पाखऱ्या उमटायला लागला. आधी दोन ठिपके, शेजारीशेजारी. जोडभोवरा. उजव्या खांद्याखाली. मग मानेची रेघ आली. ती रेघ सापासारखी वाकडीतिकडी होती. पुसली गेली. पुन्हा आली, पुन्हा वाकडी. पुन्हा पुसली. मी मोजायला लागलो, सवयच ती. मानेची एक रेघ त्यानं सत्तेचाळीस वेळा ओढली होती. अठ्ठेचाळिसावी बरी आली. मग पाठ, तीही तशीच, थोडी थोडी जोडत, कापत, पुसत. जे मला एका ओढीतलं वाटलं होतं ते शेकडो तुकड्यांचं होतं.

"हात?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. म्हणून तर टॅब आणला. कागदावर एकदा थरथरली की ती रेघ गेली. पुण्यात दाखवलंय, गोळ्या चालू आहेत. चहाचा कपसुद्धा धरवत नाही, सांडतो."

टॅबवर पाखऱ्या पुरा झाला होता, उजवीकडे तोंड करून. अगदी शेवटी तो एकदम फिरला आणि डावीकडे तोंड करून उभा राहिला. त्या उलट्या पाखऱ्याच्या मानेवर दोन बारीक रेघा सुधारल्या गेल्या आणि तिथं सगळं थांबलं.

मला कळलं. तिनं सांगायची गरज नव्हती. हजार वेळा गेणूला दारात कागद धरून मागून बघताना मी बघितलं होतं. टॅबवरही तो पाठीकडूनच बघत होता, त्यासाठी चित्र उलटं करायचं एक बटण होतं.

"मी विचारलं त्यांना," समृद्धी म्हणाली. "तर म्हणाले, कागद खाली ठेवला की आपलाआप सुलटा व्हतो. ह्ये तसंच ऱ्हातं व्हय?" तिचे डोळे भरून आले होते. "मीही न बघता छापायला पाठवलं. चूक माझीसुद्धा आहे."

"मग हे गावाला दाखवा की. आजच दाखवू."

"नाही. हात गेला म्हणून कीव करून घेण्यापेक्षा लबाड म्हटलेलं परवडलं, असं म्हणाले. आणि तुम्हाला तर मुळीच कळू द्यायचं नाही म्हणाले."

"मला का?"

"वजीरभाऊ एका नजरंत सांगतो जनावर कामातनं गेलंय का ते, असं म्हणाले. त्यानं माझ्याकडं तसं बघू नये."

आतल्या खोलीत सितारा उभी होती, तिनं ऐकलं. मी मान वर केली नाही. माझ्यासमोर कित्येक महिने एक माणूस आजारपण लपवत बसला होता, चहा निवू देत होता, हात काखेत धरत होता, आणि मी, जनावराच्या चालीवरून ताप ओळखणारा मी, त्यात चोरी शोधत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

जाताना समृद्धीनं तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर पाठवला. "पुन्हा संशय आला तर बघायला," ती म्हणाली. मग उंबऱ्यात थांबून तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं की हे कुणाला दाखवायचं नाही, आणि मी बघितल्याचं आप्पांना कधी कळू द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिमाजीच्या ओट्यावर गेलो. चार-पाच माणसं बसली होती, सूरज होता. मी उभ्या उभ्या सांगितलं, "यात्रेत मी बोललो ते चुकीचं होतं. पाखऱ्या गेणूनंच काढलाय, बैल बघून. शेवटी चित्र उलटं करून बघितलं आणि तसंच राहिलं. चूक एवढीच."

"आरं वा," भिमाजी म्हणाला. "पुरावा?"

माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मोबाइल तिथंच होता. एक बोट लावायचं बाकी होतं, आणि ओट्यावरच्या प्रत्येकानं ती सत्तेचाळीस वेळा कापलेली रेघ बघितली असती. मी हात खाली घेतला.

"पुरावा नाही. मी सांगतोय ना. माझा शब्द आहे."

भिमाजी हसायला लागला, पण त्या हसण्यात राग होता. "डॉक्टर, माझी गाभण म्हस मेली तवा म्या बी शब्दच दिला व्हता. तुमी तिचा कान वर करून बिल्ला बघितला, मग शिंगं मोजली. माझी म्हातारी तितंच रडत व्हती. राव, तुमी कवा कुणाचा शब्द घेतला?"

सगळे हसले. "दोस्ताला सोडवाय आलाय," सूरज हळूच म्हणाला. कागद उजेडापुढे धरायची गेणूची सवय मी त्यांना आठवून दिली, बटणाचं सांगितलं. मी जितकं जास्त सांगत गेलो तितकं ते ठरवून आणल्यासारखं वाटत गेलं. कुणी खोटं बोलत असलं की तोही असाच नको तितकं सांगत सुटतो, हे मलाच माहीत होतं. शेवटी भिमाजी म्हणाला, "असंल बी. बसा, च्या घ्या." मी बसलो नाही.

गावात बातमी पोचायला दुपारसुद्धा लागत नाही. चारच्या सुमाराला गेणू माझ्या दारात उभा होता. काखेत कागदाच्या चार गुंडाळ्या, दोरा न सोडलेल्या.

"ह्यो तुझा कागद," तो म्हणाला. "तौहीदला परत दे. आता म्या त्या टॅबवरच काढनार." का ते त्यानं सांगितलं नाही. मला माहीत आहे हे मी दाखवलं नाही. मी गुंडाळ्या घेतल्या आणि भिंतीला उभ्या केल्या. त्याच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे कुठं बघावं तेच कळत नव्हतं.

तो पायरीवर बसला. मीही शेजारी बसलो.

"भिमाजीकडं गेला व्हतास म्हणं."

"हो."

"काय म्हणलास?"

"म्हटलं, गेणूनं काढलंय. माझं चुकलं."

"मग?"

"कुणी मानलं नाही."

"ऱ्हाऊ दे," गेणू म्हणाला. "मानतील न्हाईतर नाय मानतील. बैल काय त्यांच्याकडंच हायेत व्हय?" रस्त्यानं ट्रॅक्टर गेला. मग तो म्हणाला, "पर तू मानलंस. समृद्धी लई माझ्या मागं लागली व्हती. काकांना दावू म्हणायची, कसा काढला ते सगळं त्यात उमटलंय. म्या म्हणलं, नको. दावल्यावर कुणी बी मानंल, त्यात वजीरभाऊचं काय? त्यो यील तर आपल्या मनानं यील."

माझ्या शर्टाच्या खिशात मोबाइल होता. खरं सांगितलं असतं तर त्याच्या सुनेचं वचन मोडलं असतं, त्याचा हात मी बघितलाय हे त्याला कळलं असतं, आणि मी आपल्या मनानं आलो नव्हतो हेही कळलं असतं. यातलं मला नेमकं कशाचं भय वाटलं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. चांगुलपणानंच गप्प बसलो असं म्हणायला मी तयार नाही.

गेणूनं माझ्याकडे वळून बघितलं. सरळ डोळ्यांत. लोकांच्या तोंडाकडे बघून खोटं ओळखण्यात माझी हयात गेली. आता माझं तोंड त्याच्यासमोर होतं.

"आपल्या मनानंच आलास ना?"

"हो," मी म्हणालो.

आणि त्यानं ते लगेच खरं मानलं.